साथीच्या आकड्यामागचा 'जर'

एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला देशातल्या नामवंत शास्त्रज्ञांच्या एका गटाचं गणित असं सांगत होतं की कोरोनाची दुसरी लाट त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात शिखर गाठेल आणि रोजचे नवे रुग्ण लाखाच्या आसपास राहतील. प्रत्यक्षात मेच्या पहिल्या आठवड्यात एका दिवसाला चार लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. 'सूत्र' नावाच्या या मॉडेलचे कर्ते होते मणिंद्र अग्रवाल, माधुरी कानिटकर आणि एम. विद्यासागर. आपला अंदाज चुकला, हे त्यांनी स्वतःच जाहीर निवेदन काढून मान्य केलं. यातल्या डॉ. कानिटकर त्याच वर्षी नाशिकमधल्या दिंडोरी रोडवरच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. म्हणजे साथीचं गणित ही कुठली लांबची गोष्ट नाही, आपल्या दिंडोरी रोडपर्यंत आलेली आहे.

अंदाज चारपट हुकला, तर असल्या गणितावर विसंबून खाटा, लस, शाळाबंदी असले निर्णय का घ्यायचे? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायचं तर हे मॉडेल आतून कसं चालतं ते एकदा बघायला हवं. त्याला उच्च गणित लागत नाही. वही, पेन आणि गुणाकार पुरतो.

सिडकोतली एखादी वसाहत धरा, दहा हजार वस्तीची. काल्पनिकच. तिथे एक नवा ताप आला आहे आणि कोणाच्याच अंगात त्याची प्रतिकारशक्ती नाही. लोकांचे तीन गट करायचे: अजून लागण न झालेले, सध्या आजारी असलेले, आणि या आजारातून बाहेर पडलेले. बाहेर पडलेल्यांत बरे झालेले आणि दगावलेले असे दोघंही येतात. गणिताला त्यातला फरक कळत नाही, घरच्यांना कळतो. माणूस पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो. एवढंच मॉडेल.

आता वेग ठरवायचा. एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो, या संख्येला 'आर' म्हणतात. ती आपण २ धरू, आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याला लागण व्हायला पाच दिवस लागतात असं मानू. पाच दिवसांची एक फेरी. दर फेरीला गुणाकार एकच: आताचे रुग्ण गुणिले २ गुणिले अजून लागण न झालेल्यांचा वाटा. हा शेवटचा गुणक महत्त्वाचा आहे. रुग्ण ज्यांना भेटतो त्यांतले काही आधीच आजारी पडून गेलेले असतील, तर त्या भेटी वाया जातात.

दहा रुग्णांपासून सुरुवात केली तर फेरीगणिक नवे रुग्ण असे येतात: १०, २०, ४०, ७९, १५६, ३०२, ५६७, १००१, १५६७, १९६१. आणि मग १६८५, ८८०, ३०५, ८७. एकदा स्वतः करून बघा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पहिल्या चार फेऱ्यांत, म्हणजे तब्बल वीस दिवसांत, वसाहतीत फारसं काही घडतंय असं वाटतच नाही. दहा हजारांत दीडशे रुग्ण म्हणजे 'व्हायरल चाललंय' एवढीच चर्चा. पुढच्या पंचवीस दिवसांत तोच आकडा दोन हजारांच्या घरात जातो. आणि नंतर कोणीही काही न करता साथ उतरायला लागते, कारण तोवर लागण न झालेले ४३ टक्केच उरलेले असतात आणि २ गुणिले ०.४३ हे एकाहून कमी भरतं. एक रुग्ण स्वतःच्या जागेवर दुसरा पुरता एकसुद्धा रुग्ण तयार करू शकत नाही. साथ विझते तेव्हाही सुमारे तेराशे लोकांना कधी लागण झालेलीच नसते. या टप्प्यावर एखाद्या काढ्याची जाहिरात सुरू असेल तर उतरणीचं श्रेय आपोआप त्या काढ्याला जातं, पण तो विषय वेगळा.

आता त्याच वसाहतीत लोकांनी एकमेकांत मिसळणं फक्त चौथ्या हिश्शाने कमी केलं, असं धरा. आठवडे बाजार बंद, लग्नं पुढे ढकलली, काही कार्यालयं घरून. 'आर' २ वरून १.५ वर आला. पुन्हा तोच गुणाकार केला की शिखर १९६१ ऐवजी ७२४ वर थांबतं, आणि तेही पंचेचाळिसाव्या दिवसाऐवजी पासष्टाव्या दिवशी. गाठीभेटी कमी केल्या पंचवीस टक्के, शिखर उतरलं साठ टक्क्यांहून जास्त. नुसत्या अंदाजाने हे कोणाला सुचलं नसतं, कारण आपलं मन सरळ त्रैराशिकाने चालतं आणि साथ तशी चालत नाही.

शंभरातल्या पाच रुग्णांना खाट लागते असं धरलं, तर पहिल्या परिस्थितीत शिखराच्या फेरीत ९८ खाटा लागतील, दुसऱ्या परिस्थितीत ३६. जवळच्या रुग्णालयात ५० खाटा असतील, तर एका बाजूला ४८ रुग्णांना दारातून परत पाठवावं लागेल आणि दुसऱ्या बाजूला १४ खाटा शिल्लक राहतील. शिवाय वीस दिवस जास्तीचे मिळाले, ज्यात ऑक्सिजनची सोय होते, परिचारिकांची कंत्राटी भरती होते, बाहेरून यंत्रं मागवता येतात.

खरं तर १९६१ या आकड्याला काडीची किंमत नाही. 'आर' २ आहे हे आपण ठरवलं होतं, तो १.८ असेल किंवा २.३ असेल. सुरुवातीचे रुग्ण दहा होते की पंधरा, कोणाला ठाऊक. यातलं काहीही बदललं की शिखराचा आकडा शेकड्यांनी इकडेतिकडे सरकतो. पण 'आर' १.८ धरा की २.३, गाठीभेटी चौथ्या हिश्शाने कमी केल्यावर शिखर जवळपास निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं, हा निष्कर्ष टिकून राहतो. निर्णय घेणाऱ्याला टेकायला ही दुसरी गोष्ट लागते. बातमीत मात्र नेमकी पहिली छापून येते.

दोन पर्यायांची तुलना करण्यासाठी साथीचं गणित मांडायची रीत तशी जुनी आहे. १७६० साली डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने देवीच्या रोगाबाबत असाच हिशेब केला होता. तेव्हा लस नव्हती. निरोगी माणसाला मुद्दाम देवीचं सौम्य दुखणं देत, आणि त्यातही काही जण दगावत. हा धोका पत्करावा का? बर्नुलीचा हिशेब असा निघाला की दोनशेत एक दगावला असं धरलं तरी सर्वांना टोचलं तर सरासरी आयुष्य सुमारे तीन वर्षांनी वाढेल. देवी पुढच्या वर्षी किती जणांना होईल, हे सांगण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही.

आपण मघाशी मांडलेलं तीन गटांचं गणित मात्र १९२७ मधलं आहे, आणि त्याची पहिली मोठी परीक्षा झाली मुंबईच्या प्लेगवर. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे एके काळचे संचालक. त्यांचे सहकारी विल्यम केरमॅक रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती आणि त्यानंतरचं सगळं गणित त्यांनी डोक्यात केलं. या दोघांनी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबईतले प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू घेतले आणि आपल्या समीकरणाची वक्ररेषा त्यावर बसवली. ती इतकी चपखल बसली की आजही साथरोगाच्या पुस्तकांत ती आकृती छापतात.

आणि इथेच एक मोठी मेख आहे. प्लेग तर मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो. माणसातला प्लेग ही उंदरांतल्या साथीची सावली असते, हे त्या दोघांनीही निबंधातच नमूद केलं होतं. शिवाय मुंबईत तो दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस वाढायचा आणि उन्हाळा तापला की ओसरायचा, कारण तापलेल्या, कोरड्या हवेत पिसवा तग धरत नाहीत. त्यामुळे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की मुंबईतली ती उतरण 'लागण न झालेले संपले' म्हणून आली असं मानणं बरोबर नाही. ऋतू लक्षात घेतल्याशिवाय ती समजत नाही. रेषा आकड्यांवर बसली म्हणजे कारण सापडलं, असं होत नाही. मला विचाराल तर मॉडेलच्या कुठल्याही चकचकीत आलेखाशेजारी मुंबई प्लेगची ही आकृती टांगून ठेवायला हरकत नाही.

कारण चुकीचं असेल तर उपाय चुकतो. 'लागण होण्याजोगे संपले म्हणून साथ उतरली' असं मानलं, तर पुढच्या हिवाळ्याची तयारी कोणी करणार नाही. 'हवामानामुळे उतरली' असं मानलं, तर नोव्हेंबरातच उंदीर आणि धान्याची गोदामं यांच्याकडे बघायला लागू. एकच वक्ररेषा, पण दोन वेगळे निर्णय.

दुसरी मेख सरासरीची. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि आपल्या जिल्ह्यातलं मालेगाव इथे गोवर पसरला. कोरोनाच्या दोन वर्षांत लहान मुलांचं नेहमीचं लसीकरण मागे पडलं होतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. गोवर हा फार वेगाने पसरणारा आजार. प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात त्याचा 'आर' १२ ते १८ असतो असं मानतात; आपण १५ धरू. साथ फोफावू नये म्हणून 'आर' एकाच्या खाली आणायचा, तर पंधरापैकी चौदा जण तरी सुरक्षित हवेत, म्हणजे ९३ टक्क्यांहून थोडे जास्त. म्हणूनच गोवराच्या बाबतीत ९५ टक्क्यांचा आग्रह धरला जातो. हा आकडा कोणाच्या मनातून आलेला नाही, या भागाकारातून आला आहे.

आता समजा एका गावात २० सारख्या आकाराच्या गल्ल्या आहेत. एकोणीस गल्ल्यांत ९७ टक्के मुलं सुरक्षित आहेत आणि एका गल्लीत फक्त ५७ टक्के. गावाची सरासरी काढा: बरोबर ९५. आढावा बैठकीत हा तक्ता ठेवला तर 'उद्दिष्ट पूर्ण' असा शेरा पडेल. सरासरीवरून 'आर' काढला तर १५ गुणिले ०.०५, म्हणजे ०.७५. साथ येणारच नाही. पण लहान मुलं गावाच्या सरासरीत खेळत नाहीत, स्वतःच्या गल्लीत खेळतात. त्या एका गल्लीत 'आर' निघतो १५ गुणिले ०.४३, म्हणजे ६.४५. एका मुलापासून सहा मुलांना. बाकीच्या गल्ल्यांत तोच ०.४५, तिथे आलेला आजार आपोआप विझेल.

म्हणून चांगल्या मॉडेलमध्ये लोकांना एका पातेल्यात घालून ढवळत नाहीत. वय, वस्ती, शाळा, कामाची जागा यांनुसार गट करतात आणि कोणता गट कोणात किती मिसळतो याचा तक्ता ठेवतात. त्याला माहिती जास्त लागते आणि ती मिळवायला आशाताईंना दारोदार जावं लागतं. संगणकातलं समीकरण कितीही सुंदर असो, कोणत्या घरातल्या बाळाचा दुसरा डोस राहिला हे त्यांच्या रजिस्टरात असतं. ते रजिस्टर वेळेत भरलेलं नसेल तर पुढचं सगळं शोभेचं.

नाशिकपुरता सगळ्यात रंजक प्रश्न अर्थातच सिंहस्थाचा आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर आणि त्र्यंबकला कुशावर्तावर देशभरातून लोक येणार. गर्दी म्हटलं की साथ येणार, असं आपण गृहीत धरतो. गणित थोडं वेगळं बोलतं, आणि ते दोन काळांवर अवलंबून असतं: लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ आणि भाविक इथे राहतो तो काळ.

बहुतेक भाविक एक-दोन दिवस राहून परततात. नोरोव्हायरसचे जुलाब-उलट्या बारा ते अठ्ठेचाळीस तासांत सुरू होतात, कॉलऱ्याचे काही तासांपासून पाच दिवसांत. यातले पुष्कळसे रुग्ण नाशिकच्याच दवाखान्यांत दिसतील. फ्लूची लक्षणं एक ते चार दिवसांत येतात. काही इथे दिसतील, काही परतीच्या गाडीत. गोवराचा पुरळ मात्र साधारण दोन आठवड्यांनी उठतो आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए, सरासरी महिन्याने. म्हणजे पर्वणीच्या दिवशी कोणाला इथे काविळीची लागण झाली, तर तो रुग्ण उमटणार जळगाव, इंदूर किंवा सुरतच्या रुग्णालयात, आणि तिथल्या डॉक्टरांनी 'महिन्याभरापूर्वी कुठे गेला होतात' असं विचारलं नाही तर नाशिकशी धागा जुळणारच नाही. इथल्या रुग्णालयांत कावीळ वाढली नाही एवढ्यावरून सिंहस्थात पाणी स्वच्छ होतं असं म्हणता येत नाही. त्यासाठी पाणीच तपासावं लागतं. टाकीतून सुटताना टाकलेलं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नळाच्या शेवटच्या टोकालाही पुरतंय का, तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक आहे का, हे सांगणारी साधी ओटी टेस्ट इथे शंभर खाटांहून मोलाची ठरते.

मॉडेल मांडताना आणखी एक गोष्ट लक्षात येते, जी नुसत्या गर्दीकडे बघून येत नाही. गोवराची एक फेरी बारा-एक दिवसांची. दोन दिवस राहणारा भाविक ही साखळी इथे पुढे नेऊ शकत नाही. तो ती घेऊन जातो. साखळी इथे टिकवू शकतात ते महिनोन्‌महिने मुक्काम करणारे: आखाड्यांतले साधू, बंदोबस्ताचे पोलीस, सफाई कामगार, अन्नछत्रातले आचारी, घाटावरचे दुकानदार, पंचवटीतले रहिवासी. संख्येने ते भाविकांच्या मानाने मूठभर, पण दर पर्वणीला आलेल्या नव्या गर्दीच्या संपर्कात तेच येतात. त्यामुळे लस, आरोग्य तपासणी किंवा ताप-जुलाबाची रोजची नोंद यांचा पहिला हप्ता कोणाला, याचं उत्तर या दोन गटांच्या हिशेबातून बरंच स्पष्ट होतं. लाखो भाविकांना तपासणं कोणत्याच यंत्रणेला जमणारं नाही. अन्नछत्रातल्या आचाऱ्यांची यादी करणं जमतं.

आता पुन्हा चुकलेल्या अंदाजांकडे. यात दोन प्रकार एकमेकांत मिसळले जातात आणि सगळा घोटाळा तिथे होतो. एक असतो अंदाज: 'पुढच्या शनिवारी इतके रुग्ण असतील.' दुसरी असते जर-तरची मांडणी: 'काहीच केलं नाही तर इतके होतील, शाळा बंद केल्या तर तितके, लस दिली तर अमुक.' बातमीत येईपर्यंत दुसऱ्यातला 'जर' गळून पडतो आणि उरतो तो भयानक आकडा.

सप्टेंबर २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ होती तेव्हा अमेरिकेच्या सीडीसी या साथरोग नियंत्रण संस्थेने असं मांडलं होतं की परिस्थिती आहे तशीच राहिली, तर लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये २० जानेवारी २०१५ पर्यंत, न नोंदलेले धरून, १४ लाख रुग्ण होऊ शकतात. संपूर्ण साथीत सगळ्या देशांत मिळून नोंदले गेले सुमारे २८,६००. टीकाकारांनी सीडीसीला धुऊन काढलं. पण त्याच मांडणीत हेही होतं की ठरावीक प्रमाणात रुग्ण उपचार केंद्रांत आणि सुरक्षित अंत्यविधीखाली आणले तर साथ उतरेल. त्यानंतर मदत, खाटा, माणसं तिकडे गेली आणि तिथल्या लोकांनीही आपले रीतिरिवाज बदलले. 'जर' बदलला. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, फुटलाय, ढगाळ हवा आहे, पावसाने पानं ओली राहणार म्हणून डाउनी या बुरशीजन्य रोगाचा इशारा येतो. बागायतदार रातोरात ट्रॅक्टर काढून फवारणी करतो. डाउनी येत नाही. त्यावर इशारा खोटा होता असं तो म्हणत नाही. फार तर औषधाच्या बिलाकडे बघून चरफडतो.

'सूत्र'ची गोष्ट मात्र या प्रकारात बसत नाही, आणि ती इबोलाच्या रांगेत बसवून झाकून टाकणं अप्रामाणिक होईल. तिथे अंदाजच दिला होता आणि तो चुकला. असल्या मॉडेलमधल्या संख्या गेल्या काही आठवड्यांच्या आकड्यांवरून काढतात. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये डेल्टा हा नवा, जास्त वेगाने पसरणारा प्रकार फोफावत होता, म्हणजे त्या संख्या रोज बदलत होत्या. कालच्या 'आर'वरून परवाचं शिखर काढायला गेलं की असंच होतं. आपल्या वहीतल्या वसाहतीतही पाहा: तिसऱ्या फेरीपर्यंत 'आर' २ चे रुग्ण आहेत ४०-७९ आणि 'आर' १.५ चे २२-३३. इतक्या छोट्या आकड्यांत एखाद्या शिबिरात जास्त चाचण्या झाल्या किंवा चार दिवस किट संपले, एवढ्यानेही दोहोंतला फरक पुसला जातो. शिखराची उंची सांगणं सगळ्यात अवघड असतं ते नेमकं सुरुवातीला, आणि निर्णयही तेव्हाच घ्यायचा असतो. म्हणून एकच रेषा काढून देणाऱ्या मॉडेलपेक्षा रेषांचा पट्टा देणारं मॉडेल बरं. 'चाळीस ते दीडशे खाटा' हे ऐकायला गुळमुळीत वाटतं, पण त्यावरून ऐंशीची सोय आधी करून पुढच्या सत्तरसाठी मंगल कार्यालय हेरून ठेवता येतं.

दर पावसाळ्यात नाशिकला भेटीला येणाऱ्या डेंग्यूचं गणित याहून अडचणीचं, कारण मध्ये डास आहे. डासांना हिशेबात आणणारा पहिला माणूस रोनाल्ड रॉस. त्याने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू शोधले, त्याबद्दल १९०२ मध्ये नोबेल मिळालं. त्याच्या गणिताची चर्चा कमी होते. मलेरिया थांबवायला सगळे डास मारावे लागत नाहीत, माणशी डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरे, असं त्याने दाखवलं. याची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. मर्यादेच्या वर राहून केलेलं काम बरंचसं वाया गेल्यासारखं दिसतं. निम्मे डास कमी झाले तरी रुग्ण फारसे कमी होत नाहीत, मग 'फवारणीचा काही उपयोग नाही' असं ठरवून काम थांबवलं जातं. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीतला डासनिर्मूलनाचा प्रयोग असाच फसला म्हणून गाजला, आणि नीट मोजमाप न करताच तसा निष्कर्ष काढला गेला म्हणून रॉस वर्षानुवर्षं धुसफुसत राहिला.

डेंग्यूत दुसरी अडचण उशिराची. कुंडीखालच्या ताटलीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये पाणी साचलं की अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. त्या डासाने डेंग्यूच्या रुग्णाला चावल्यावर विषाणू त्याच्या लाळेत यायला आणखी आठ ते बारा दिवस. तो निरोगी माणसाला चावल्यावर ताप यायला चार ते दहा दिवस. ताप आल्यावर दोन-तीन दिवस घरची गोळी, मग डॉक्टर, मग रक्त. बेरीज केली तर आज नोंदलेला रुग्ण साधारण चार आठवड्यांपूर्वीच्या पावसाचा आहे. रुग्ण सापडला म्हणून त्याच्या घराभोवती धूरफवारणी करणं लोकांना दिसतं आणि त्यांना बरं वाटतं, पण ज्या पाण्यातून हा डास निघाला ते कधीच आटलं असेल. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तोही याच हिशेबातून: अंड्याचा डास होण्याआधी पाणी एकदा ओतलं गेलं पाहिजे, आणि त्यासाठी सात दिवसांची पाळी पुरते.

या उशिरात नोंदणीचा उशीर मिसळतो. खासगी लॅबच्या झटपट कार्डवर डेंग्यू निघाला तर तो सरकारी हिशेबात संशयित. एलायझा चाचणी होईपर्यंत निश्चित रुग्ण म्हणून धरत नाहीत. नमुना जातो, अहवाल येतो, मग आठवड्याच्या तक्त्यात भर पडते, आणि ती पडते ताप ज्या आठवड्यात आला त्या मागच्या रकान्यात. त्यामुळे कोणत्याही आठवड्याच्या आलेखात शेवटचे दोन स्तंभ जवळजवळ नेहमीच बुटके दिसतात. साथ ओसरली म्हणून नव्हे, अहवाल यायचे बाकी आहेत म्हणून. यावरही गणित आहे: गेल्या वर्षभरात पहिल्या आठवड्यात किती टक्के अहवाल आले, दुसऱ्यात किती, हे पाहून अर्धवट स्तंभ अंदाजाने पूर्ण करतात. समजा पहिल्या आठवड्यात चाळीस टक्केच अहवाल पोचतात आणि आज तक्त्यात २० रुग्ण आहेत, तर खरे ५० च्या आसपास धरायचे आणि हिवताप विभागाची पथकं त्या हिशेबाने पाठवायची. काळजीपूर्वक काढलेल्या आलेखात हे शेवटचे स्तंभ फिकट रंगात किंवा तुटक रेषेने दाखवतात. सातपूरचा किंवा नाशिकरोडचा आलेख कोणी समोर ठेवला आणि शेवटचे दोन स्तंभही बाकीच्यांसारखेच गडद असतील, तर 'यातले किती अहवाल यायचे आहेत' हे आधी विचारायचं, डेंग्यू कमी झाला का ते नंतर.